विनोदकारांच्या आत्मचरित्रांची सुरुवात वऱ्हाडातूनच करा!

अशोक सराफांचं ‘मी बहुरूपी’ आणि दादा कोंडक्यांचं ‘एकटा जीव’ आवडीनं वाचणाऱ्या अकोला-अमरावतीकरांनो, आपल्याच मातीतलं एक पुस्तक राहून जातंय. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर! ‘बहु असोत सुंदर’ हे गीत लिहिणारे. शाळा अकोल्याची, वकिली अकोला, खामगाव आणि जळगाव जामोदची. त्यांचं ‘आत्मवृत्त’ त्यांच्या निधनानंतर, 1935 मध्ये आलं.

पण त्याआधी त्यांचा ‘सुदाम्याचे पोहे’ (1910) हा विनोदी लेखांचा संग्रह वाचाच. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या त्रिकुटानं त्या काळच्या रूढी, देवभोळेपणा, लग्नाचे व्यवहार सगळं उलटंपालटं करून दाखवलंय. त्यातल्या एका लेखाचं नावच ‘साक्षीदार’. वकिलाच्या पेशातलं निरीक्षण विनोदात असं उतरतं. भाषा जुन्या वळणाची, कोटीबाज. घाईत वाचाल तर निम्मी गंमत निसटेल, म्हणून दिवसाला एकच लेख वाचा, जमल्यास मोठ्यानं.

राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत आणि आचार्य अत्रे गडकऱ्यांना. म्हणजे अत्र्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’ या आत्मचरित्रापर्यंतचा धागा आपल्या वऱ्हाडातून निघतो! मला याचा फार अभिमान वाटतो. अकोल्यात असाल तर बाबूजी देशमुख वाचनालयात आधी चौकशी करा. आणि कुणाकडे ‘आत्मवृत्त’ची जुनी प्रत असेल, तर रद्दीत जाऊ देऊ नका.