संगणक पाहावा घेऊन

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. ते आज असते तर त्यांनी या म्हणीला आणखी एक कलम खचित जोडले असते : संगणक पाहावा घेऊन! घरातला मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्राच्या वर्गात जाऊ लागली, की पहिली सहामाही संपण्यापूर्वीच हा प्रश्न दिवाणखान्यात येऊन बसतो. वडील बँकेचे पासबुक उघडतात, आई यंदाचा दागिना पुढल्या वर्षावर ढकलते, मामा आपल्या कचेरीतल्या यंत्राची थोरवी गातात, आणि दुकानदार? तो दुकानातल्या सर्वांत महाग वस्तूकडे बोट दाखवून मोकळा होतो!

प्रस्तुत लेखक पेशाने मराठीचा अध्यापक. परंतु हाताखालून गेलेले पुष्कळ विद्यार्थी आज प्रोग्रॅम लिहून पोट भरतात, आणि त्यांच्या गप्पांतून जे शहाणपण गोळा झाले, ते चार घरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा खटाटोप.

पहिली गोष्ट ही, की संगणक घेताना आपण दोन वस्तू घेत असतो. एक डोळ्यांना दिसणारे यंत्र, आणि दुसरी त्याच्या आत वावरणारी ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्र हा वाडा मानला, तर ऑपरेटिंग सिस्टिम हा त्या वाड्याचा कारभारी. कोणत्या बिऱ्हाडाला किती जागा द्यायची, नळाचे पाणी कोणाला केव्हा सोडायचे, हे सारे तोच ठरवतो. वाडा कितीही प्रशस्त असो, कारभाऱ्याशी पटले नाही तर राहणाऱ्याचे हाल ठरलेले!

आज बाजारात प्रमुख कारभारी तीन : विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स. यांची घराणी पाहण्याजोगी आहेत. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनी 'युनिक्स' रचण्यास प्रारंभ केला. पुढे १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो जगाला खुला करून दिला. २००१ साली आलेली अ‍ॅपलची मॅक ओएस टेनही याच युनिक्सच्या गोत्रातली. म्हणजे लिनक्स आणि मॅक हे चुलतभाऊ ठरले. विंडोजचे घराणे निराळे. पण २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या वाड्यात लिनक्सला एक खोली देऊ केली. आज विंडोजवर बसून लिनक्सची बहुतेक हत्यारे वापरता येतात.

या वंशावळीचे आपल्याला काय, असे वाचक विचारतील. कारण असे, की ज्या दूरच्या मोठ्या यंत्रांवर आपल्या मुलांचे प्रोग्रॅम पुढे चालायचे, त्यांतील फार मोठ्या भागावर लिनक्सचेच राज्य आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरे नाव नाही. जिथे नांदायचे, तिथल्या चालीरीती माहेरीच अंगवळणी पडल्या तर बरे, एवढाच याचा अर्थ.

तेव्हा निवड करताना आधी काम विचारावे. आयफोनसाठी अ‍ॅप करायचे असेल, तर वाद नको, मॅकच घ्यावा लागतो. कारण त्यासाठी लागणारे 'एक्सकोड' हे साधन मॅकवरच चालते. खास विंडोजसाठीच प्रोग्रॅम लिहायचे असतील, किंवा कॉलेजने नेमलेले एखादे सॉफ्टवेअर विंडोजवाचून चालत नसेल, तर विंडोज. संकेतस्थळे, पायथन, डेटाबेस, अँड्रॉइडची अ‍ॅप्स असली कामे मात्र तिन्हींवर होतात, आणि लिनक्सवर ती बिनखर्चात होतात.

मग यंत्र. प्रोसेसरच्या नावावर भाळण्यापूर्वी रॅम पाहावी. १६ जीबी असावी. ८ जीबीत काम भागते, पण ओढाताण होते. साठवणीसाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी, शक्यतो ५१२ जीबीची. रॅम पुढे वाढवता येईल का, हे दुकानातच विचारून घ्यावे. आजच्या मॅक लॅपटॉपमध्ये ती वाढवता येत नाही. घेताना जी घ्याल तीच अखेरपर्यंत. कीबोर्डवर दहा-पाच ओळी टाइप करून पाहाव्यात. दिवसाचे आठ तास ज्यावर बोटे चालवायची, तो कुरकुरता असून कसे चालेल?

आता खरी काळजीची गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असूनही कित्येक लॅपटॉप एकाएकी 'म्हातारे' ठरले. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात असाच पेच पडला होता. वडील सोसायटीचे कर्ज काढायला निघाले. मुलगी म्हणाली, "बाबा, कर्ज नका काढू. दादाचा जुना लॅपटॉप पडलाय ना, तो मला द्या." वडिलांना पटेना. "अगं, लोकांच्या मुली नवी यंत्रं घेऊन जातील, आणि तू हे डबडं नेणार?" ती हसली आणि म्हणाली, "प्रोग्रॅमला यंत्राचं वय कळत नाही, बाबा!" तिने त्यात एसएसडी बसवून घेतली, लिनक्स घातले, आणि पहिले वर्ष त्यावर निभावून नेले. कर्जाचा अर्ज टेबलाच्या खणातच राहिला.

सर्वांनाच हे जमेल असे नाही. जुन्या यंत्राची बॅटरी थकलेली असते. काही वाय-फाय कार्डे लिनक्सशी अबोला धरतात. यावर एक सोपा तोडगा आहे. उबुंटूसारखे लिनक्स पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि आतल्या साठवणीला धक्का न लावता त्यावरूनच यंत्र चालू करून पाहावे. वाय-फाय, आवाज, पडदा ठीक चालले तर पुढे जावे. तत्पूर्वी मुलांच्या कागदपत्रांची दुसरी प्रत काढून ठेवावी, हे सांगणे नलगे.

मराठीचे काय, हा माझ्या पेशाचा प्रश्न. १९९१ च्या पहिल्याच युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले होते, आणि आज तिन्ही कारभाऱ्यांना आपली लिपी येते. तेव्हा त्या बाबतीत डावे-उजवे करण्याचे कारण उरलेले नाही.

सारांश, आधी काम, मग ऑपरेटिंग सिस्टिम, मग यंत्र, असा क्रम ठेवावा. शेजाऱ्याने काय घेतले हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. घासाघीस दुकानदाराशी करावी, पण निवड मुलांवर सोपवावी. उघडून पाहण्याची, बिघडवण्याची आणि पुन्हा दुरुस्त करण्याची मोकळीक ज्या यंत्रावर मिळते, त्यावरच मूल शिकते. काचेच्या कपाटात ठेवलेल्या तंबोऱ्यावर आजवर कोणी गायला शिकलेले नाही!