मर्दानी खेळांच्या घरांतील बालपण



शिवजयंतीच्या मिरवणुकींत पुण्याच्या रस्त्यावर दांडपट्टा फिरतांना आपण पाहतों, टाळ्या देतों आणि पुढें जातों. परंतु तो फिरविणारें मूल घरीं काय शिकून आलें आहे, याचा विचार क्वचितच होतो. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही विद्या मूळची लढाईची. १८१८ त पेशवाई संपली. पुढें १८७८ च्या कायद्यानें शस्त्रें बाळगण्यावर कडक निर्बंध आले. लढाया गेल्या, पवित्रे मात्र राहिले. विशेषतः कोल्हापुराकडील तालमींनीं व कांहीं घराण्यांनीं ते मुलाबाळांच्या हातीं जपून दिले.

अशा घरांत मुलास आरंभींच हत्यार मिळत नाहीं. प्रथम पवित्रा, म्हणजे पाऊल कोठें व कसें पडावें हें, मग लाठी, मग फरीगदगा. दांडपट्ट्याची पाळी उशिरां येते. याचें कारण त्या हत्याराच्या घडणींतच आहे. त्याची मूठ लोखंडी खोबळ्याच्या आंत असते व खोबळा कोपरापर्यंत हात झांकतो. मनगट मोकळें नसल्यामुळें वार खांदा, कंबर आणि पाय यांच्या बळावर काढावा लागतो. पातें लांब व लवचिक. पाऊल चुकलें कीं तें फिरविणाराच्याच अंगावर यावयाचें.

लोकांस सर्वांत आवडतो तो लिंबू कापण्याचा प्रयोग. एकजण तळहातावर लिंबू धरतो, दुसरा पट्ट्याच्या एका वारानें त्याचे दोन तुकडे करतो. प्रेक्षकांस त्यांत शौर्य दिसतें. घरांतील मुलास मात्र ठाऊक असतें कीं, समोरचा हात आपल्या भावाचा आहे. वार करण्यापेक्षां तो नेमका आवरणें कठीण, हा धडा तें दहाव्या-बाराव्या वर्षीं शिकतें. आज मुलीहि तो तितक्याच निष्ठेनें शिकत आहेत.

माझ्या वर्गांत अशा घरांतील दोन-तीन मुलें होतीं. इतिहासाच्या तासाला लढाईचें वर्णन आलें कीं इतर मुलें आरोळ्या ठोकीत. हीं शांतपणें विचारीत, “गुरुजी, एवढ्या गर्दींत पट्टा फिरवावयास जागा किती मिळाली असेल?” युद्ध म्हणजे नुसता जयघोष नव्हे, त्यांत माणसांचे हातपाय तुटतात, हें त्यांना कोणी सांगावें लागत नसे.

२०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मानानें विद्या टिकत नाहीं. पहाटे अंगणांत पवित्रे घोटून घेणारा वडील किंवा वस्ताद असेल, तरच ती टिकेल. नाहीं तर उरेल तें केवळ मिरवणुकींतील चकाकणारें पातें. पुढल्या वेळीं हा खेळ पाहाल तेव्हां पात्याबरोबर त्या मुलाच्या पायांकडेहि लक्ष द्या. त्याची खरी विद्या तेथें दिसेल.