बाळंतिणीचा हक्क आणि कार्यकर्त्याचे काम

बाळंतपण ही घरातली, त्यातही बायकांची गोष्ट. सरकारचा तिच्याशी काय संबंध, असे आपल्यात अजूनही कोणी कोणी विचारतो. याचे उत्तर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात दिले आहे. कारखान्यांतील कामगार स्त्रियांना बाळंतपणात भत्त्यासह विश्रांती मिळावी, असे विधेयक त्या वेळी चर्चेला होते. उद्योगधंद्यावर बोजा पडेल, ही विरोधकांची हरकत. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे. म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, आणि सरकार तो उचलत नाही तोवर तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना, १९४३ मध्ये, खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभ कायद्याची दुरुस्तीही त्यांनीच मांडली. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आला, २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आल्या.

पण ही रजा मिळते ती जिचे नाव हजेरीपटावर आहे तिला. आपल्या बारामती-इंदापूर भागात ज्यांचे नाव कोणत्याच पटावर नसते अशा हजारो बाया दरवर्षी येतात. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. गळीत हंगाम आला की बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिवकडच्या टोळ्या कारखान्यांच्या आसपास उतरतात. त्यांत वंजारी, बंजारा, मराठा आहेत, तसे आपले समाजबांधवही आहेत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीच्या हिशेबाने घेतलेली असते आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यामुळे दिवस भरत आलेली बाई डोक्यावर मोळ्या वाहत राहते आणि बाळंत झाल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा फडात उतरते. बाळ पाचटाच्या कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ राहते, म्हणजे त्या मुलीची शाळाही बुडते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा परवडत नाही, याचा शेवट कुठवर जातो ते यावरून कळावे.

सरकारच्या योजना नाहीत, असे मात्र नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीस, आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, स्थानिक अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या, दवाखान्यातील जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी हे सारे विनामूल्य आहे. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातील अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालील मातेस दवाखान्यातील बाळंतपणासाठी ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये आहेत. आशाताईंनी बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. या भेटींमागे गडचिरोलीचे काम आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या स्त्रियांना शिकवून नवजात बाळे घरच्या घरी वाचवता येतात हे आकड्यांनिशी दाखवले. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभर आशांमार्फत सुरू केली. धोरण असेही बदलते.

अडचण होते ती दोन तालुक्यांच्या मध्ये. गरोदरपणाची नोंद माहेरच्या किंवा सासरच्या गावी, आणि पोट वाढते ते इथल्या फडावर. तिकडची आशा म्हणते, बाई गावात नाही. इकडची म्हणते, बाई आमच्या यादीत नाही. अन्नसुरक्षा कायद्यात 'स्थानिक अंगणवाडी' म्हटले आहे, मूळ गावाची अट घातलेली नाही. हे वाक्य आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे.

जयंतीला आपण दवाखान्यात फळे वाटतो, फोटो काढतो. वाटू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात जाऊन बाळंतिणीला नेमून दिलेले जेवण मिळाले का, घरी सोडायला गाडी मिळाली का, औषध बाहेरून आणायला लावले का, हे विचारणारा कार्यकर्ता आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. फळे एक दिवस पुरतात. पुणे जिल्ह्याला हे काम नवे नाही. २००७ मध्ये राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्या पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राची पाहणी करायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ती मांडायची, अशी ती रीत.

विद्यार्थ्यांनी आपल्या गावाजवळच्या तळावर संध्याकाळी, टोळी फडावरून परतल्यावर जावे. सोबत मुली असाव्यात. बाया मुलांशी या विषयावर बोलणार नाहीत, आणि त्यात त्यांचे चुकते असे नाही. माता व बाल संरक्षण कार्ड आहे का ते पाहावे, बाईची संमती घेऊनच नाव लिहावे आणि त्या गावच्या आशाताई व अंगणवाडी सेविकेला कळवावे. मुकादमाशी वाद घालू नये. त्याचा राग बाईच्या हिशेबात निघतो. नोंद झाली नाही तर तालुका आरोग्य अधिकारी व बालविकास प्रकल्प अधिकारी यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे नुसते बोलणेच.

तळावर सहा वर्षांखालील ४० मुले असून अंगणवाडी नसेल तर आणखी एक मार्ग आहे. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, अशा वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. अर्जात या आदेशाचा दाखला द्यावा आणि मुलांची वयासह यादी जोडावी. हंगाम पाच-सहा महिन्यांचाच असतो. मागणी जानेवारीत केली तर अंगणवाडी येईपर्यंत टोळ्या परतीला लागतात. म्हणून कोप्या उभ्या राहतील त्याच आठवड्यात मोजणी करावी.