विहिरीवरचे जुने इंजिन

वीजपंप येण्यापूर्वी रावेर परिसरातील अनेक विहिरींवर डिझेल इंजिनांची धडधड चाले. बँकेत असताना अशी इंजिने मी तारण म्हणून नोंदवीत असे. पितळी पाटीवरचा क्रमांक वहीत उतरला, की माझ्या लेखी इंजिन संपले!

निवृत्तीनंतर आमच्याच मळ्यातील इंजिन भंगाराच्या काट्यावर जाऊ लागले, तेव्हा ते प्रथमच नीट पाहिले. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीने 1930 च्या सुमारास काढलेल्या नमुन्याचे, 6 अश्वशक्तीचे, मिनिटाला 650 फेऱ्यांचे. त्याच बनावटीची इंजिने राजकोटला पुढेही तयार होत राहिली. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात.

पिस्टन पार जाम झाला होता. मी हातोडा उचलला, तोच मिस्त्री म्हणाले, "साहेब, घाई नको. ओतीव लोखंड तडकलं, तर भंगारच." हेड उतरवून सिलिंडरमध्ये डिझेल-रॉकेल भरले. रोज फ्लायव्हील पुढे-मागे हलके रेटायचे, एवढेच काम. अकराव्या दिवशी ते बोटभर सरकले. मग नोझल, डिझेलची टाकी, पाण्याच्या मार्गातील क्षार यांची सफाई झाली. जुना रंग मात्र खरवडू दिला नाही.

"याचा हिशेब काय?" धाकट्या भावाने विचारले. खर्च भंगाराच्या किमतीहून अधिक झाला होता, हे मी त्याला सांगून टाकले. सुरू होताच पहिली बादली त्यानेच भरली.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. उलटा झटका बसल्यास मनगट वाचते.