अरबी घोड्याची चाल : मुळातली आणि शिकवलेली

अरबी घोडा दुडकीने जाताना पाहिला की लोक म्हणतात, हा जमिनीवरून तरंगतोय. हे तरंगणं म्हणजे नक्की काय, ते आज आपण बघू.

दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. दोन जोड्यांच्या मधे एक क्षण असा येतो की चारही पाय हवेत असतात. अरबी घोड्यात हा क्षण ठळक दिसतो, आणि म्हणून तो तरंगल्यासारखा वाटतो. आपली नजर पुढच्या गुडघ्यांवर जाते. पण रेटा येतो मागून, पुठ्ठ्यांतून. तो पाठीतून पुढे जातो आणि मग खांदा मोकळा सुटतो.

ही चाल आली कुठून? अरबस्तानातल्या बदाऊंना लांबचा पल्ला मारणारं जनावर हवं होतं. पाणी कमी, ऊन फार. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घोड्या जपल्या आणि वंश आईकडून मोजला. त्यातून साधारण चारशे किलोंचा, आटोपशीर बांध्याचा घोडा तयार झाला. कातडी पातळ, शिरा वर आलेल्या, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. स्नायूही न थकता दीर्घकाळ काम करणारे.

याची परीक्षा दूरच्या शर्यतीत होते. कॅलिफोर्नियात १९५५ साली वेंडेल रोबी बँडोस नावाच्या अरबी घोड्यावरून डोंगरवाटेने निघाले. त्यातून टेव्हिस कप सुरू झाला. २४ तासांत सुमारे १६० किलोमीटर. आजही तिथे अरबी घोड्यांचंच वर्चस्व आहे. तरीसुद्धा निघालेल्या घोड्यांपैकी जवळपास निम्मेच शेवटपर्यंत पोचतात. वाटेत पशुवैद्य नाडी बघतात, घोडा दुडकीने पळवून लंगडतोय का ते बघतात. आंतरराष्ट्रीय शर्यतींत ठरलेल्या वेळात नाडी मिनिटाला ६४ पर्यंत उतरावी लागते. नाही उतरली, की घोडा बाद. हा नियम का लागतो, तर हे जनावर दमलं तरी पुढे जात राहतं. थांबवायचं काम माणसालाच करावं लागतं.

आता दुसरी बाजू. प्रदर्शनाच्या रिंगणात काही प्रकारांत पुढचे गुडघे जितके उंच उचलले जातील तितकी वाहवा मिळते. मग खूर लांब ठेवायचा, नाल जड ठोकायची. पाय उंच जातो खरा; पण प्रत्येक पावलाला श्रम वाढतात, आणि खाली येताना तो भार खुरावर, सांध्यांवर, शिरांवर पडतो. मान ओढून धरली तर पाठ खाली दबते आणि मागचा रेटा तिथेच अडकतो. म्हणजे जे तरंगणं बघायला आपण आलो, तेच हरवतं.

मग ओळखायचं कसं? पुढच्या वेळी घोडा बघाल तेव्हा गुडघे थोडा वेळ विसरा. मागचे पाय पोटाखाली नीट येतात का, पाठ हलते का, शेपटी मोकळी डुलते का, ते बघा. जमलंच तर तोच घोडा लगामाशिवाय मोकळ्या मैदानात सोडलेला बघा. तिथली चाल आणि रिंगणातली चाल जितकी सारखी, तितकं त्याला नीट वाढवलंय असं समजायला हरकत नाही.