परगावचे जेवण आणि शतपावली

कामानिमित्त मुंबईला जाणारे माझे मधुमेही रुग्ण गोळ्या-इंजेक्शनांचे सगळे विचारून घेतात, पण रात्री जेवणार कुठे, हे कोणी ठरवलेले नसते. घरच्या सवयीने मुक्कामीच इन्सुलिन टोचून घ्यायचे आणि मग खाणावळ शोधत हिंडायचे! एकीकडे रांग, दुसरीकडे दार बंद. इन्सुलिनचे काम मात्र सुरू झालेले असते. घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, की रक्तातील साखर उतरली असे समजून तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी.

त्यापेक्षा जेवणाची जागा उजेडीच हेरून ठेवावी आणि ताट वेळेवर मिळण्याची खात्री झाल्यावरच इन्सुलिन घ्यावे. दादरला उतरणाऱ्यांना मी शिवाजी पार्कचा परिसर सुचवतो. आपल्या चवीचे जेवण जवळपास मिळते, आणि मैदानाच्या कट्ट्यालगतची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. जेवल्यावर पंधरा मिनिटे रमतगमत चालले तरी स्नायू साखर वापरतात व ती फार चढत नाही. चालताना छातीत दुखणाऱ्यांनी मात्र भरल्या पोटी फेरी मारू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. पायात रोजचीच चप्पल असावी. नव्या चपलेचा फोड मधुमेह्याला महागात पडतो. खिशात साखरेची पुडी आणि मुक्कामाचा पत्ता ठेवावा.