पदवीचे गुण आणि अमेरिकेतला मेडिकल प्रवेश

आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश बारावीनंतर होतो आणि तो मुख्यतः नीटच्या गुणांवर ठरतो. अमेरिकेत मुलं आधी चार वर्षांची पदवी घेतात आणि मग मेडिकलला अर्ज करतात. त्यामुळे अठराव्या वर्षी रसायनशास्त्रात मिळालेली ‘सी’ ग्रेड तिथे पुढे फार काळ पाठ सोडत नाही. बहुतेक कॉलेजांचे अर्ज ‘एएमकॅस’ या केंद्रीय सेवेमार्फत जातात. ती पदवीची सरासरी वेगळी काढते आणि पदव्युत्तरची वेगळी. विषय पुन्हा देऊन चांगली ग्रेड मिळवली तरी जुनी पुसली जात नाही, दोन्ही धरल्या जातात. पदवीनंतर कुणी पदवीच्याच पातळीवरचे विज्ञान विषय घेतले, तर ते पदवीच्या एकूण सरासरीत मिळवले जातात. मास्टर्सचे गुण मात्र तिच्यात कधीच मिसळत नाहीत. आता हिशेब करून पाहा. 120 क्रेडिटांवर 3.2 सरासरी असलेल्या विद्यार्थ्याने आणखी 30 क्रेडिटं पैकीच्या पैकी, म्हणजे 4.0 ने मिळवली, तरी तो 3.36 वरच पोचतो. 3.6 गाठायला त्याला 30 नव्हे, तर एकूण 120 जादा क्रेडिटं 4.0 नेच मिळवावी लागतील, म्हणजे अख्खी दुसरी पदवी! आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी 3.8 च्या आसपास असते.

मास्टर्सपेक्षा पदवीच्या सरासरीला कॉलेजं झुकतं माप देतात, त्यामागे कारण आहे, आणि ते पोकळ नाही. पदव्युत्तर वर्गात ‘बी’ ही बहुधा उत्तीर्ण होण्याचीच रेषा असते, त्यामुळे तिथल्या उंच सरासरीवरून फारसा फरक कळत नाही. शिवाय कुणाचं मास्टर्स प्रयोगशाळेतल्या संशोधनाचं, कुणाचं सार्वजनिक आरोग्याचं; त्यांची तुलना करायची कशी? पदवी मात्र प्रत्येक अर्जदाराकडे असते. हा युक्तिवाद मान्य केला, तरी त्यातून एवढंच निघतं की सगळी मास्टर्स एका मापाने मोजू नयेत. जॉर्जटाउनसारख्या विद्यापीठांच्या खास मास्टर्स अभ्यासक्रमांत विद्यार्थी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषयच शिकतात. तिथे जो टिकला, त्याच्या क्षमतेचा पाच वर्षांपूर्वीच्या ‘सी’पेक्षा ताजा आणि नेमका पुरावा समोर असतो. अर्ज हजारोंनी येतात आणि पहिली छाननी अनेकदा पदवीची सरासरी व एमकॅट या प्रवेश परीक्षेचे गुण पाहून होते. तिथेच अर्ज गळाला, तर हा पुरावा कुणी वाचतच नाही. हा अन्याय आहे, आणि त्यात रुग्णांचंही नुकसान आहे, कारण पडून पुन्हा उभा राहिलेला विद्यार्थी वैद्यकीला हवाच असतो.

भारतात बीएस्सी करून अमेरिकेत एमएस करणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. परदेशातली पदवी एएमकॅसच्या सरासरीत सहसा धरली जात नाही, आणि अनेक कॉलेजं अमेरिकेत किंवा कॅनडात घेतलेले पदवीस्तरावरचे विषय मागतात. नुसत्या एमएसवर तिथे भागत नाही. म्हणून ज्यांची मुलं या वाटेवर आहेत, त्यांनी मास्टर्ससाठी हजारो डॉलर भरण्याआधी ज्या कॉलेजांत अर्ज करायचा त्यांना स्पष्ट विचारावं: पहिल्या छाननीत तुम्ही कोणती सरासरी पाहता? सरासरीच उचलायची असेल, तर पदवीस्तरावरचे विषय घेणं अधिक उपयोगाचं.